दुबई किती लांब? सहारच्या वाटेवरून

मुंबई ते दुबई सरळ हवाई अंतर सुमारे १,९२५ किलोमीटर. जाताना विमान सव्वातीन तासांच्या आसपास घेतं, येताना पावणेतीन ते तीन. मोबाइलवर विचारलंत तर हेच उत्तर येईल, आणि ते बरोबर आहे. पण आमच्या दाभोळ खाडीच्या काठच्या माणसाला त्याचा उपयोग अर्धाच. घरून किती वाजता निघायचं, तिकडे खोलीवर कधी टेकणार, आणि मधल्या वेळात घरच्यांनी काळजी कधी करायची नि कधी नाही, हे त्याला हवं असतं. मला हे सतत कुणी ना कुणी विचारतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

माझा धंदा गाडीचा. चिपळूण, खेड, गुहागर आणि खाडीपट्ट्यातल्या गावांतली माणसं सहारला सोडायची आणि तिथून घरी आणायची. सहार म्हणजे मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ. त्याचं नाव बदलून किती वर्षं झाली, २०१४ मध्ये नवं टर्मिनल झालं, तरी आमच्याकडे सगळे सहारच म्हणतात. या भागात घरटी एक माणूस आखातात असतो म्हटलं तरी चालेल. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाचा भाऊ मस्कतला, कुणी कुवेतमध्ये वीस-वीस वर्षं. माझे वडील जहाजावर होते. भिंतीवर जगाचा नकाशा आणि टेबलावर पट्टी, असं आमचं घर. अंतरं मोजायची सवय मला तिथून लागली.

आधी नकाशाचं सांगतो, कारण बहुतेकांच्या मनातला नकाशा चुकीचा असतो. दुबई म्हणजे परदेश, म्हणजे फार लांब, आणि कलकत्ता आपलंच, म्हणजे जवळ, असं आपण धरून चालतो. मुंबईहून कलकत्ता हवाई अंतराने सुमारे १,६६५ किलोमीटर आहे आणि मस्कत सुमारे १,५९०. म्हणजे मुंबईला कलकत्त्यापेक्षा मस्कत जवळ! गुवाहाटी २,०७० च्या घरात, दुबई त्याहूनही अलीकडे. पुढे दोहा २,२९०, कुवेत साधारण २,७५०, जेद्दा ३,५०० किलोमीटर. हे सगळे आकडे सरळ रेषेचे, गोलावर दोरा ताणून धरल्यावर येतील तसे. विमान प्रत्यक्षात ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जातं, उठताना-उतरताना वळसे घेतं, त्यामुळे थोडं जास्तच उडतं. मुलगा मस्कतला नोकरीला लागला म्हणून डोळे पुसणाऱ्या आईला मी हे मुद्दाम सांगतो. मनातलं अंतर त्याने कमी होत नाही, माहीत आहे. पण कलकत्त्यापेक्षा जवळ म्हटल्यावर ती एकदा तरी मान वर करून बघते.

आता वेळ. विमानाचा वेग साधारण ताशी ८५० किलोमीटर धरा. १,९२५ ला ८५० ने भागलं तर सव्वादोन तास येतात. मग तिकिटावर सव्वातीन कसे? कारण तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हलल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईत धावपट्टीपर्यंत रांगेत सरकायचं, वर चढताना वेग कमी, उतरताना कमी, तिकडे पुन्हा गेटपर्यंत फिरायचं. शिवाय उशीर होईल हे धरून कंपन्या वेळापत्रकात थोडी जागा ठेवतात. त्यामुळे विमान वीस मिनिटं उशिरा सुटलं तरी पुष्कळदा वेळेवर पोचतं. सुटायला उशीर झाला म्हणून घरी बसून घाबरायचं कारण नाही.

जाताना जास्त आणि येताना कमी का, हे बरेच जण विचारतात. कुणी म्हणतं पृथ्वी फिरते म्हणून. तसं नाही. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. खरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. त्याचा मुख्य पट्टा उत्तर हिंदुस्थानावर असतो आणि त्याची झळ मुंबई-दुबई मार्गालाही लागते. हा वारा ताशी शंभर किलोमीटर धरला, तर दुबईला जाणाऱ्या ८५० च्या विमानाचा जमिनीवरून मोजलेला वेग उरतो ७५०, आणि मुंबईला येणाऱ्याचा होतो ९५०. अंतर तेच, पण एकाला दोन तास चौतीस मिनिटं, दुसऱ्याला दोन तास दोन मिनिटं. अर्ध्या तासाचा फरक वाऱ्यानेच पडला.

डिसेंबर-जानेवारीत दुबईचं विमान वेळेच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी उतरताना मी बघतो. ज्यांना आणायला जायचं आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं. थंडीत आपला माणूस आधी बाहेर येतो आणि गाडी अजून वाशीला असते, असं व्हायला नको.

पावसाळ्यात मात्र चित्र उलटं होतं. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर, फार उंचावर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वेगवान वारा तयार होतो. पी. कोटेश्वरम या आपल्या हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये त्याच्यावर लिहिलं आणि जगाला तो नीट कळला. त्याचा गाभा बराच दक्षिणेला आणि विमानांच्याही वर असतो, पण त्याच्या कडेचा वारा आपल्या मार्गावर पूर्वेकडूनच येतो. हिवाळ्याइतका जोर नसतो. तरी त्या महिन्यांत जाण्या-येण्याच्या वेळेतला फरक बराच घटतो, आणि कधी जाणारंच विमान लवकर पोचतं.

यातली एक गोष्ट मला सर्वांत आवडते. खाली समुद्रावर याच्या बरोबर उलट चालतं. हिवाळ्यात समुद्रावर वारा ईशान्येकडून वाहतो, म्हणजे इथून अरबस्तानाकडे. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून, म्हणजे तिकडून इथे. दाभोळ बंदर भरभराटीत होतं तेव्हा इथून होर्मुझ, एडनकडे माल जायचा तो याच वाऱ्यांच्या भरवशावर. ज्या ऋतूत गलबतांना पश्चिमेकडे जायला शिडात वारा मिळायचा, त्याच ऋतूत आजच्या विमानाला त्याच दिशेला जाताना समोरून वारा लागतो. एकाच समुद्रावर, एकाच दिवशी, खाली एक आणि वर दुसरं. अंजनवेलच्या किल्ल्यावरून, जिथे वाशिष्ठीचं पाणी समुद्राला मिळतं तिथे, मी हे सोबतच्या पोरांना हाताने दिशा दाखवून सांगितलंय. पोरांना लगेच कळतं.

विमानाआधी आमच्याकडची माणसं बोटीने जायची. मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहारीन, कुवेत करत बसऱ्यापर्यंत जाणाऱ्या आगबोटी होत्या: दारा, दुम्रा, दरेसा, द्वारका. गावातल्या म्हाताऱ्यांना ही नावं अजून पाठ आहेत. त्यातली ‘दारा’ १९६१ च्या एप्रिलमध्ये दुबईजवळ स्फोट होऊन जळाली, त्यात २३८ माणसं गेली. ‘द्वारका’ शेवटची, ती १९८२ मध्ये बंद झाली. तेव्हा वाटेतली बंदरं घेत जायला दिवसच्या दिवस लागायचे. डेकवर पथारी टाकायची, बरोबर भाकरी आणि सुकी मच्छी. मला हे सांगणारे एक चाचा आता थकलेत, पण बोट मस्कतला लागली की डोंगर कसे काळे दिसायचे हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, तिकडे रुपयाच चालायचा म्हणून. नोटांवर नाव आपल्याच बँकेचं. दुबई त्या पिढीला आजच्यापेक्षा लांब होती आणि एका अर्थी जवळही होती.

घड्याळाचा हिशेब बऱ्याच घरांत चुकतो. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. आपली वेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते, त्यांची ६० अंशांवरून. मधले साडेबावीस अंश, आणि पंधरा अंशांना एक तास. म्हणून पहाटे चारला मुंबईहून सुटलेलं विमान तिकडच्या पावणेसहाला उतरतं, आणि वडील म्हणतात पावणेदोन तासात पोचला! उलट रात्री दहाला दुबईहून निघालेलं विमान आपल्याकडे दोन-वीसला येतं. तिकिटावर बघितलं तर चार तास वीस मिनिटं वाटतात. आणायला निघणाऱ्यांनी तिकिटावरची मुंबईची वेळ फक्त बघायची, ती आपल्याच घड्याळाची असते. त्यात काहीही मिळवू नका, वजा करू नका.

सूर्य मात्र घड्याळाचं ऐकत नाही. मार्चच्या सुमारास आमच्याकडे सूर्य बुडाल्यावर दुबईत बुडायला साधारण सव्वा तास लागतो, दीड तास नव्हे. खाडीपट्ट्यातल्या मुसलमान घरांत रोजाच्या दिवसांत हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. इकडे इफ्तार होऊन, नमाज होऊन, ताटं उचलल्यावर तिकडून पोराचा फोन येतो की आता आमचा मगरिब झाला. आई रोज विचारते, काय खाल्लंस. तिचं ताट केव्हाच उचललेलं असतं, तरी फोन ठेवेपर्यंत ती तिथून उठत नाही. माझ्या शेजारच्या घरातलं हे मी कुंपणापलीकडून ऐकत आलोय.

आता आमच्या बाजूचा प्रवास, ज्याबद्दल कुणी काही छापत नाही.

चिपळूणहून सहार अडीचशे किलोमीटरच्या आसपास. परशुराम घाट, लोटे, खेडचा भरणे नाका, कशेडी, पोलादपूर, महाड, माणगाव, इंदापूर, कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल आणि मग मुंबईची गर्दी. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्यानंतर जन्मलेली मुलं आता दहावीच्या वर्गात बसायला आली. काही टप्पे खरोखर छान झाले आहेत. कशेडीच्या बोगद्याने तर आमचं आयुष्य बदललं. २०२३ च्या गणपतीत त्याची एक बाजू उघडली तेव्हा घाटातला वळणांचा सगळा वेळ एकदम वाचला. उलट्या करणारी मुलं आणि डोकं धरून बसलेल्या म्हाताऱ्या बायका कमी झाल्या. पण माणगाव आणि इंदापूर हे दोन गाव गाठले की घड्याळ माझ्या हातात राहत नाही. शनिवार-रविवार, मे महिना, होळी, गणपती, या दिवसांत तिथे कधी एक तास जाईल, कधी दोन, हे छातीठोक सांगणारा ड्रायव्हर मला अजून भेटलेला नाही.

म्हणून हिशेब मागून पुढे करायचा. समजा विमान पहाटे चार-वीसचं आहे. परदेशी विमानाला तीन तास आधी पोचायला सांगतात, म्हणजे एक-वीस. चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, आणि बंद झाला की झाला, तिथे रडून उपयोग नसतो. गाडीला सहा तास, एक चहा-जेवणाचा थांबा, आणि वर माणगाव-इंदापूरसाठी दोन तास राखीव. म्हणजे घरून दुपारी साडेचारला निघायचं. पावसाळ्यात मी आणखी दोन तास आधी काढतो. परशुराम घाटात दरड येते, महाडला पाणी भरतं. २०१६ मध्ये २ ऑगस्टच्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि २०२१ च्या २२ जुलैला आमचं चिपळूण बुडालं. हे बघितलेल्या माणसाला दोन तास जास्त वाटत नाहीत.

तर, दुपारी साडेचारला घर सोडलं. चार-वीसचं विमान दुबईच्या सहाला उतरलं. इमिग्रेशन, सामान, मग सकाळच्या ट्रॅफिकमधून शारजाच्या खोलीवर पोचायला तिकडचे आठ, म्हणजे आपले साडेनऊ. दारापासून दारापर्यंत सतरा तास. त्यात हवेतले तीन. ज्यांची तीन तासांत पोचणारी माणसं रात्रभर फोन उचलत नाहीत म्हणून घर जागं असतं, त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा: सतरा तास.

रेल्वेनेही जाता येतं. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावतेय, खेड-चिपळूणहून पनवेल, ठाणे गाठता येतं, आणि एकट्या माणसाला पिशवी घेऊन जायचं असेल तर मी स्वतः तेच सुचवतो. पण तीस किलोची पेटी घेऊन गर्दीच्या डब्यात चढायचं, ठाण्याला उतरायचं, पुन्हा रिक्षा. आणि पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू. पहिल्यांदा जाणाऱ्याबरोबर पोचवायला सहा-सात जण येतात ते वेगळंच. त्यांना सगळ्यांना शेवटपर्यंत हात करायचा असतो, आणि तो त्यांचा हक्क आहे असं मी मानतो. त्यासाठी मोठी गाडी ठेवलीय.

पेटीबद्दल थांबून सांगायला हवं, कारण इथे वेळही जातो आणि प्रसंगही ओढवतो. निघायच्या आधी पडवीत पेटी बांधायचा कार्यक्रम असतो. पुठ्ठ्याचा खोका, त्याला आडवी-उभी नायलॉनची दोरी, वर मार्करने नाव. मी बरोबर हुकाचा काटा ठेवतो. आढ्याच्या वाशाला काटा अडकवायचा, खोका उचलून टांगायचा आणि सगळ्यांनी श्वास धरून आकडा बघायचा. बत्तीस आला की आईचं तोंड उतरतं. काय काढायचं? आमसुलं निघत नाहीत, कुळथाचं पीठ निघत नाही, सोडे तर नाहीच नाही. शेवटी मुलगा स्वतःचे कपडे काढतो. मी हे इतक्या घरांत बघितलंय की आता मीच आधी सांगतो: दोन किलोची जागा ठेवूनच भरा, वाटेत आत्याकडून आंबापोळी चढणारच आहे.

पण वजनापेक्षा महत्त्वाचं काय भरलंय ते. एकदा एका पडवीत खोका बांधून झाला होता. मी सहज विचारलं, मसाला घरचाच का? चाचींनी कौतुकाने डबा उघडून दाखवला. गडद लाल, ताजा कुटलेला, नाकात झणका जाणारा.

“यात खसखस घातलीय?”

“मग? खसखशीशिवाय मसाला होतो का रे बाळा?”

संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी आहे. अफूचं बी म्हणून ते अमली पदार्थांत धरतात. थोडीशी असली तरी, माहीत नव्हतं म्हटलं तरी, माणूस अडकू शकतो. आपल्या मालवणी मसाल्यात, गरम मसाल्यात, लाडवात खसखस असतेच, आणि कुणाच्या मनातही येत नाही की यात काही वावगं आहे. मी चाचींना समजावून सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. डबा आत ठेवून आल्या आणि विचारलं, “मग आता तो तिकडे जेवणार कशात?” मिरची, धणे, हळद वेगवेगळं बांधून दिलं. ते चालतं. पुढच्या खेपेपासून त्यांनी दुबईचा मसाला वेगळा कुटायला घेतला, बिनखसखशीचा, आणि आता त्या वाडीतल्या चार घरांना तोच देतात. विड्याची पानंही तिकडे नेऊ देत नाहीत. आणि सुकं खोबरं, वाटी असो की तुकडे, २०२२ पासून आपल्याच विमानतळांवर विमानाच्या पोटातल्या सामानात बंद आहे, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून. ओल्या नारळाची गोष्ट वेगळी. खोका काउंटरवर उघडायची पाळी आली तर अर्धा तास सहज जातो, दोरी कापली की पुन्हा बांधायला काही नसतं. म्हणून पडवीतच बघून घ्या.

आता आणायला जातानाचं. विमान कुठे आहे हे दाखवणारी ॲप्स आता सगळ्यांकडे आहेत आणि त्यामुळे एक नवीनच काळजी सुरू झालीय. पार्किंगमध्ये उभे असताना बायका-मुलं मोबाइलवर ते पिवळं विमान बघत असतात. दुबईहून निघालं, ओमान ओलांडलं, समुद्रावर आलं, आणि मध्येच त्याची खूण बदलते किंवा विमान जागीच थबकल्यासारखं दिसतं. एकदम सगळ्यांचे चेहरे उतरतात. त्याचं कारण साधं आहे. विमान स्वतःची जागा रेडिओवरून सतत सांगत असतं आणि जमिनीवरची यंत्रं ते ऐकतात. पण त्या यंत्रांना साधारण चारशे किलोमीटरपर्यंतच ऐकू येतं, कारण पुढे पृथ्वीची गोलाई आड येते. अरबी समुद्राच्या मधोमध दोन्ही किनारे त्याहून लांब असतात. त्या वेळी ॲप अंदाजाने विमान पुढे सरकवतं किंवा थांबवतं. वैमानिकाचा नियंत्रण कक्षाशी संपर्क दुसऱ्या मार्गांनी असतोच. गुजरातच्या किंवा मुंबईच्या बाजूला आलं की खूण पुन्हा पक्की होते. हे एकदा सांगितलं की माणसं शांत होतात. म्हणून मी विमान ओमान सोडायच्या आतच सांगून टाकतो.

आणि मग विमान पालघरजवळ येऊन गोल फिरायला लागतं. तेही नेहमीचंच. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एकामागून एक विमानं येत असली की काहींना वर थांबवावं लागतं. दहा मिनिटं, कधी वीस. वाऱ्याने वाचवलेला वेळ इथे जातो. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान मिळून तासभर धरा, पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान जास्तच, तेव्हा आखाताची विमानं रांगेने येतात.

रत्नागिरीहून थेट विमान असतं तर? हा प्रश्न गाडीत दर वेळी कुणीतरी काढतंच, आणि मी पट्टीने मोजून ठेवलंय. रत्नागिरी ते दुबई सरळ रेषेत सुमारे २,०७० किलोमीटर. मुंबईपेक्षा दीडशेच जास्त, विमानाला दहा-बारा मिनिटांचा फरक. समुद्र तोच, वारा तोच. वाचतील ते रस्त्यावरचे तास. माझा धंदा कमी होईल हे मला कळतं, तरी मला ते व्हावं असं मनापासून वाटतं. परवाच एका बाईंना सोडलं, मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या, गुडघे धरलेले. सतरा तासांतले आठ तास त्यांनी माझ्या मागच्या सीटवर पाय लांब करायला जागा शोधत काढले. खाली सिंधुदुर्गात चिपीला २०२१ मध्ये विमानतळ झालं, जानेवारी २०२३ पासून गोव्यातलं मोपाचं विमानतळ सुरू आहे, त्यामुळे सावंतवाडी-बांद्याकडच्या माणसांनी तिकीट काढताना मोपाचे पर्याय जरूर बघावेत. आम्हा मधल्या पट्ट्यातल्यांना मात्र मुंबईशिवाय सोय नाही.

मुंबईतही आता दोन विमानतळ झालेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. ते पनवेलच्या अंगाला, उलव्याला. आमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे: पनवेलच्या पुढची मुंबईची सगळी गर्दी टळते, म्हणजे रात्री तास, दिवसा दीड-दोन तास. पण त्याचबरोबर नवा घोटाळा होऊ शकतो. तिकिटावर घाईत दोन्हीकडे मुंबईच वाचलं जाऊ शकतं. खरा फरक तीन अक्षरांच्या कोडमध्ये आहे: बीओएम असेल तर सहार, एनएमआय असेल तर नवी मुंबई. तेव्हा गाडी सांगायला फोन कराल तेव्हा तिकिटाचा फोटो आधी पाठवा. कोड बघितल्यावरच मी निघायची वेळ सांगेन.